नावडत्या पाच गाण्यांतलं पहिलं

चौल,
२ सप्टेंबर २०२४

प्रिय आफिया,

जय भीम आणि सलाम, दोन्ही एकाच पाकिटात घालून पाठवते आहे.

फोनवर तू मला ब्लॉक केलंस. फेसबुकवर केलंस, इन्स्टावरही केलंस. पोस्टात ब्लॉक करायची सोय मात्र सरकारने अजून काढलेली नाही, आणि उद्या काढली तरी तो अर्ज आमच्या गावापुरता माझ्याच टेबलावर येईल. गावच्या पोस्टाची मी मास्तरीण आहे, हे रागाच्या भरात विसरलीस वाटतं. पत्ता आगरदांड्याला जाऊन तुझ्या अम्मीकडून आणला. फिरोजाचाचींनी चहा दिला, बोंबलाची चटणी बांधून दिली आणि विचारलं, "काय झाला गो तुमच्यात?" मी म्हटलं, "काही नाही चाची, एका गाण्यावरून." त्या हसल्या. मला काही हसू येत नाही.

झालं एवढंच की 'कल्पितावाले' ग्रुपवर मी 'कल्पिताची मला न आवडणारी पाच गाणी' अशी यादी टाकली. चौदा वर्षं मी त्या बाईची गाणी ऐकते आहे. तिचे शब्द तिचे, चाल तिची, गिटारही तिचीच. भर ज्वरात मला तिची अंगाई लागते. इतकं प्रेम केल्यावर माणसाला पाच गाणी नावडायचा हक्क मिळतो असं माझं मत आहे. बाकीच्यांना मी नुसती कुचकट वाटले. ग्रुपवर त्रेचाळीस जणांनी शिव्या दिल्या, ते ठीक. तू एक शब्द बोलली नाहीस, थेट बाहेर पडलीस.

म्हणून विचारते, यातलं नेमकं कुठलं झोंबलं?

पाचवं, 'नारळपाणी'. कोकण म्हणजे स्ट्रॉ, हॅमॉक आणि सूर्यास्त. नारळावर चढणारा माणूस अख्ख्या गाण्यात नाही.

चौथं, 'नेटवर्क नाही'. चार मिनिटं ती डोंगरावर उभी राहून सांगते की फोन लागत नाही म्हणून प्रेम अडलंय. बाई, पाच रुपयांचं पाकीट मिळतं पोस्टात.

तिसरं, 'आईचा डबा'. 'आई' हा शब्द सत्तावीस वेळा. मी मोजलेत. डब्यात काय होतं ते एकदाही नाही.

दुसरं, 'सॉरी सॉरी'. माफी कशाबद्दल, हे शेवटपर्यंत कळत नाही.

आणि पहिलं, 'अकराची बोट'. त्याबद्दल बोलायला लागले तर जादा तिकीट लावावं लागेल.

आता मुद्द्याचं. १९ जानेवारीला कल्पिता अलिबागला गाणार आहे. कॉलेजात असताना मुरूडच्या एसटीत एकेक इअरफोन कानात घालून आपण ठरवलं होतं की तिला पहिल्यांदा ऐकायचं ते दोघींनी, शेजारी बसून. मी दोन तिकिटं काढली आहेत. दुसऱ्यावर तुझं नाव आहे. यायचं की नाही ते कळव. आणि हे पत्र म्हणजे माफी आहे, असं समज. कशाबद्दल ते तू सांग.

तुझी,
प्रांजली


मस्कत,
२१ सप्टेंबर २०२४

प्रांजली,

पत्र मिळालं. अक्षर अजून तसंच आहे, मनीऑर्डरच्या फॉर्मसारखं.

तुझा काहीतरी गैरसमज झाला आहे. ग्रुप मी सोडला कारण फोनची मेमरी भरली होती. तुझा नंबर ब्लॉक झाला तो चुकून, हात लागून. हो, तिन्ही ठिकाणी हात लागला.

माझा कुणावर राग नाही. माझं वय तेहतीस आहे, मी नर्सरीच्या वर्गाला शिकवते, दिवसाला अडीच डझन रुसवे काढते. गाण्यावरून रुसायला मला फुरसत नाही. तुझी यादी छानच आहे. 'नारळपाणी' मलाही आवडत नाही. 'आईचा डबा' ऐकून माझे मियाँ रडतात, पण ते तिखट खातानाही रडतात.

फक्त कुतूहल म्हणून विचारते. पहिल्या क्रमांकाच्या गाण्यात तुला इतकं वाईट काय वाटलं? माझी मुलगी ते गुणगुणते, म्हणून विचारते. लहान पोरांच्या कानावर वाईट काही पडू नये. सविस्तर लिही. कडव्यागणिक लिहिलंस तरी चालेल.

जानेवारीचं आत्ता सांगता येत नाही. शाळा असते.

आफिया


चौल,
१० ऑक्टोबर २०२४

प्रिय आफिया,

ताकाला जाऊन भांडं कशाला लपवतेस? मुलीच्या कानाची काळजी म्हणे! ते गाणं तुझं लाडकं आहे, सरळ सांग. असू दे. तू कडव्यागणिक मागितलंस, मी जादा तिकीट लावलं आहे. आता तक्रार करायची नाही.

पहिलंच कडवं घे.

'मृग दारात, ढग माथ्यावर,
अकराची बोट मांडव्याहून सुटली,
शेजारची जागा रिकामीच राहिली,
तो आलाच नाही.'

चाल सुंदर आहे. 'रिकामीच'वर ती जो सूर खाली सोडते, तेवढ्यासाठी मीही गाणं मागे नेऊन पुन्हा ऐकते. पण बये, मृग दारात म्हणजे जूनचं तोंड, फार तर मे अखेर. सव्वीस मेच्या सुमाराला मांडव्याच्या बोटी बंद होतात त्या थेट पावसाळा संपेपर्यंत. उघडा समुद्र आहे तिथे, पावसाळ्यात कोण बोट काढील? मग ही अकराची बोट सुटली कुठून? चौलपासून रेवसपर्यंत कुठल्याही पोराला विचार, तो सांगेल की मांडवा बंद झाला की मुंबईला जाणारा माणूस रेवसला जातो. तिथली लाँच खाडीतून निघते, भाऊच्या धक्क्याला लागते आणि पावसाळाभर चालू असते. माझ्या बाबांनी रेवसच्या तिकीटखिडकीत पंचवीस वर्षं काढली, आमच्या घरात हे बाळाला घुटीबरोबर पाजतात.

म्हणजे बघ. ही बया मांडव्याला बसून चार कडवी रडते की तो आला नाही. अगं, तो पोरगा बिचारा रेवसच्या धक्क्यावर उभा असेल! शहाणा असेल तर तिथेच असणार. रेवसला तेव्हा सावली नव्हती. एक सिमेंटचा कठडा, त्यावर बगळ्यांची कृपा. चार तास उभं राहिलं की गुडघ्यात कळ येते आणि लाँचवाले विचारायला लागतात, "बाय, कुनाची वाट बघतंस?" हे मी अनुभवाने सांगते.

वर कल्पिता प्रत्येक कार्यक्रमात सांगते की ही एका चाहतीने पत्रातून कळवलेली खरी गोष्ट आहे. खरी गोष्ट म्हणे! खरी असती तर तीत बोट कशी असती?

पण बोटीचंही सोडून दे. माझा खरा राग वेगळाच आहे. चार कडव्यांत ती मुलगी एकदाही विचारत नाही की तो का आला नाही. पाय मोडला असेल, घरात कुणी गेलं असेल, एसटी बंद पडली असेल. जो येणारच होता तो आला नाही, तर आधी काळजी वाटायला हवी की नाही? ही मात्र पहिल्या ओळीपासून स्वतःवरच पाऊस पाडून घेते. असली नायिका मला सहन होत नाही. आलाच नाही ते बरं झालं, सुटला पोरगा.

आता तरी बोल. तिकीट माझ्या कपाटात, साडीच्या घडीत ठेवलं आहे. तू दर दोन वर्षांनी आगरदांड्याला येतेस. तिथून चौल तासाभराच्या अंतरावर आहे. बारा वर्षांत एकदाही तुझा पाय इकडे वळला नाही, हे मी यादीत घातलेलं नाही.

तुझी,
प्रांजली


मस्कत,
४ नोव्हेंबर २०२४

प्रांजली,

तुझं पत्र पाचदा वाचलं.

एकच विचारायचं आहे. तू लिहिलंस की रेवसच्या धक्क्यावर चार तास उभं राहिल्याचा तुला अनुभव आहे. कधी? कुणासाठी? तारीख आठवत असेल तर तारीख लिही.

लौकर लिही. स्पीड पोस्टाने.

आफिया


चौल,
२२ नोव्हेंबर २०२४

आफिया,

कमाल आहे तुझी. इतकी वर्षं जो विषय मी काढला नाही तो तू काढलास, तोही असा, तहसीलदाराने नोटीस धाडावी तसा. तारीख आठवत असेल तर म्हणे! माझ्या लग्नाची तारीख मला कॅलेंडरात बघावी लागते. ही नाही लागत.

२८ मे २०१२, सोमवार. कुणासाठी, ते तुला माहीत आहे. पण लेखी हवं असेल तर घे.

तुझा निकाह झाला होता आणि तू मस्कतला निघाली होतीस. आपलं ठरलं होतं की सामान रस्त्याने जाईल आणि आपण दोघी बोटीने, गेटवेपर्यंत. तू कधी त्या बोटीत बसली नव्हतीस. आगरदांड्याची माणसं तुम्ही, तुमची बोट म्हणजे पलीकडे दिघीला जाते ती. तुझं जाणं वीस तारखेचं होतं, व्हिसा लांबला आणि अठ्ठावीसवर आलं. फोनवर तू म्हणालीस, "अठ्ठावीसला, बाकी ठरल्यासारखं." मी हो म्हटलं.

मांडवा बंद होऊन दोन दिवस झाले होते, म्हणून मी सरळ रेवसला गेले. साडेदहाला पोहोचले. हातात दोन पुडे आंबापोळी, एक तुझ्यासाठी आणि एक बोटीत खायला. पर्समध्ये कल्पिताची पहिली सीडी, तिच्यावर तिची सही. ती सही मिळवायला मी ठाण्यात एका हॉलच्या मागच्या दाराशी उभी राहिले होते, ते तुला त्या दिवशी सांगणार होते.

अकराची लाँच गेली. बाराची गेली. बाबा खिडकीतून सारखे बघत होते. एकला मी तुझ्या नंबरवर फोन केला, तो तुझ्या भावाने, अल्तमशने उचलला. सिम त्याला देऊन टाकलं होतंस. म्हणाला, "आपा तं सकालीच गेली, जलीलमामूच्या गाडीतनं." मी विचारलं, बोटीने नाही? तो म्हणाला, "बोटीनं कशाला? गाडी हाय नं."

तरी मी अडीचपर्यंत उभी राहिले. का, ते विचारू नकोस. मग कठड्यावर बसून दोन्ही पुडे आंबापोळी खाल्ली. रागात खाल्ली, चव लागली नाही. तेव्हापासून मला आंबापोळी आवडत नाही. ती यादी वेगळी आहे.

मला इतकंच वाटलं की गाडी होती, नवरा होता, नवं आयुष्य होतं, तर बोट कशाला. आणि चौलची मैत्रीण तरी कशाला. पुढे २०१५ मध्ये कुणीतरी दोघींना त्या ग्रुपमध्ये घातलं आणि तू 'हाय प्रांजू, नवीन गाणं ऐकलंस?' असं लिहिलंस, जणू मध्ये काही घडलंच नाही. मीही मग गाण्याबद्दलच लिहिलं. नऊ वर्षं आपण कडवी, चाली आणि कल्पिताचे केस यांवर बोललो. मी विचारलं नाही कारण मला उत्तर माहीत होतं.

आता या तारखेचा त्या गाण्याशी काय संबंध आहे, तुझं तुला ठाऊक. मी स्पीड पोस्टाने धाडते आहे. पावती मीच फाडली, सही मीच केली, आणि सही करताना डोळे भरून आले. समोर रतनमावशी पेन्शनसाठी उभी होती, ती म्हणाली, "कुनी गेला का गो?" मी म्हटलं, होय, बारा वर्षं झाली.

प्रांजली


मस्कत,
१२ डिसेंबर २०२४

प्रिय प्रांजू,

हे पत्र बसून वाच. खिडकी बंद कर, पेन्शनवाल्यांना उद्या बोलाव.

२८ मे २०१२ ला सकाळी साडेदहा वाजता मी मांडव्याला होते.

जलीलमामूने गाडीतून तिथे सोडलं. तिकीटघराला कुलूप होतं. धक्क्यावर एक कुत्रा आणि जाळं विणणारा एक म्हातारा, बाकी कुणी नाही. म्हातारा म्हणाला, "बोट बंद झाली परवापास्नं." मामू उखडला. तो महाडचा माणूस, त्याला बोटीतलं काय कळतंय? मला तरी कुठे कळत होतं? आमच्या आगरदांड्याची फेरी बारा महिने चालते. मला वाटलं, समुद्राला कसली सुट्टी असते? मामू म्हणाला, चल, पेणवरून जाऊ. मी म्हटलं, प्रांजली येईल, आमचं ठरलंय. बोट नसली तरी ती येईल, मग तिला गाडीत घेऊ.

कुलुपाखालच्या पायरीवर मी एक वाजेपर्यंत बसले. तुझा नंबर पाठ नव्हता, तो सिममध्ये होता आणि सिम अल्तमशकडे. तू एक वाजता ज्या नंबरवर बोललीस तो माझाच, आणि त्याच वेळी मामू मला हाताला धरून गाडीत बसवत होता. मांडव्याहून रेवस रिक्षाने वीस मिनिटं. बारा वर्षं मला हे माहीतच नव्हतं. तुझ्या पत्रानंतर फोनवर नकाशा काढून बघितलं, आणि नर्सरीच्या वर्गात सगळ्या पोरांसमोर रडले. एकाने मला स्वतःचा रुमाल दिला.

आता गाण्याचं ऐक. २०१६ मध्ये कल्पिताने सांगितलं होतं, आठवतं? 'तुमची एक खरी गोष्ट पत्राने पाठवा, मी गाणं करीन.' मी पाठवलं. दोन पानी. वर्षाने 'अकराची बोट' आलं. तिने मैत्रिणीचा मुलगा केला, कारण मुलगा आला नाही की जास्त खपतं. बोट तिने घातली. माझ्या पत्रात कुलूप होतं. कुलुपावर गाणं होत नसावं.

आणि तुला ज्याचा राग आहे ते दुसऱ्या पानावर होतं. मी लिहिलं होतं, 'ती का आली नाही ते मला आजही माहीत नाही. ती न येणाऱ्यांतली नाही. तिला काही झालं असेल का, हे विचारायची हिंमत मला चार वर्षांत झाली नाही, कारण काही झालं नसेल तर मग तिला यायचंच नव्हतं, हे ऐकावं लागेल.' कल्पिताने पहिल्या पानाचं गाणं केलं. दुसरं पान तिने वाचलं की नाही, अल्लाह जाणे.

सात वर्षं ते गाणं वाजलं की मला वाटायचं, प्रांजू ऐकत असेल, तिला कळेल, ती विचारेल. ग्रुपवर सगळ्यांनी त्यावर बदाम टाकले, तू एक अंगठासुद्धा टाकला नाहीस. मग तुझी यादी आली. नावडत्यांत पहिलं. मला वाटलं तुला सगळं कळलंय आणि तू चारचौघांत मला उत्तर दिलंस. म्हणून हात लागला. तिन्ही ठिकाणी.

तुला काहीच कळलेलं नव्हतं! इतकी हुशार तू, मृग मोजलास, खाडी मोजलीस, सत्तावीस आया मोजल्यास, आणि ती मुलगी मी आहे हे तुला दिसलं नाही. तो रेवसला उभा असेल, असं तूच लिहिलंस आणि पुढल्याच ओळीत तूच तिथे उभी होतीस. मी आधी हसले, मग काय झालं ते वर लिहिलंच आहे.

रजा मंजूर झाली आहे. १८ ला मुंबईत उतरते, अम्मीची बहीण माझगावला असते तिच्याकडे राहून १९ ला सकाळी निघते. बोटीने. आयुष्यात पहिल्यांदा.

आता एक मागणं. ते गाणं यादीतून काढ. निदान तिसऱ्यावर तरी आण.

तुझी,
आफिया


चौल,
१ जानेवारी २०२५

प्रिय आफिया,

तुझं पत्र पोस्टातच उघडलं आणि उघड्या खिडकीतच वाचलं. पेन्शनवाल्यांनी माझ्याबरोबर दीड तास शोक केला. कशाबद्दल ते कुणालाच माहीत नव्हतं, 'सॉरी सॉरी'सारखं. त्या गाण्याला मी जरा जास्तच बोलले होते असं आता वाटतं. ते दुसऱ्यावरून पाचव्यावर नेते आहे.

'अकराची बोट' मात्र हलणार नाही. रागावू नकोस, आधी ऐक. तू म्हणतेस म्हणून यादी बदलली, तर उद्या मी एखाद्या गाण्याला चांगलं म्हटल्यावर तुला खरं वाटेल का? बोट चुकीची ती चुकीचीच. उलट आता तर ते जास्तच वाईट वाटतं. मुलगा करून टाकला मला! आणि चार कडव्यांत एकदाही विचारलं नाही म्हणून मी त्या मुलीला शिव्या घातल्या, तेव्हा मी तरी कुठे विचारलं होतं? मीही बारा वर्षं स्वतःवरच पाऊस पाडून घेतला. फरक इतकाच की मी चाल लावली नाही. तुझं दुसरं पान वाचल्यावर मला माझी लाज वाटली. ते पान गाण्यात असतं तर मी त्याला पहिल्या दिवशी ओळखलं असतं. गाणं पहिल्या क्रमांकावरच राहील, फक्त नावडण्याचं कारण बदललं आहे.

बाबांना सगळं वाचून दाखवलं. त्यांनी तारीख पुन्हा एकदा वाचायला लावली. मग म्हणाले, "चूक तुझी न्हाय, तिची न्हाय. माझी हाय."

मी म्हटलं, "तुमची कशी?"

"तू खिडकीसमोर चार तास हुबी व्हतीस. मला ठाऊक व्हता, पोर आगरदांड्याची हाय. आगरदांड्याच्या पोरीला काय म्हाईत मांडवा कवा बंद व्हतो? एक रिक्षा पाटवली असती मांडव्याला तं झाला असता. पण मी तिकिटं फाडत बसलो. मांडवा बंद म्हंजे रेवस, त्यात इचारायचं काय, आसा वाटला मला."

पंचवीस वर्षं लोकांना योग्य लाँचमध्ये बसवलेला माणूस, त्या रात्री जेवला नाही. शेवटी मीच समजूत काढली की बाबा, तुमच्यामुळे निदान एक गाणं तरी झालं. म्हणाले, "पर तुला तं आवडत न्हाय ता गाना."

तर आता नीट वाच, दोनदा वाच, आणि हे पान पर्समध्ये ठेव. जानेवारीत मांडवा चालू असतो. तू गेटवेवरून बोट पकड. मी १९ तारखेला अकरा वाजता मांडव्याच्या धक्क्यावर असेन. साडेनवालाच असेन, पण तू अकरा लक्षात ठेव. माझा फोन नंबर पाकिटावर मागे मोठ्या अक्षरात लिहिला आहे. तो पाठ कर. पहिल्या सीडीवरची सही अजून शाबूत आहे. आंबापोळीचे दोन पुडे कोनाड्यात ठेवले आहेत, बोटीत खाऊ नकोस काही.

तू बोट चुकवलीस, माझगावची तुझी खाला तुला भाऊच्या धक्क्यावर घेऊन गेली, जलीलमामू मध्ये पडला, अल्तमशने काही सांगितलं, समुद्राने सुट्टी घेतली, यांपैकी काहीही होऊ शकतं. आपल्या दोघींच्या शहाणपणावर माझा आता भरवसा नाही. म्हणून बाबांनी स्वतःहून ठरवलं आहे. १९ ला सकाळपासून ते रेवसच्या धक्क्यावर उभे राहणार आहेत. हातात पुठ्ठा असेल, त्यावर तुझं नाव. मी म्हटलं, बाबा, वय झालं, बसून राहा. म्हणाले, बसलं तर लाँचवरून दिसत नाही.

मी छत्री दिली आहे बरोबर.

तुझी,
प्रांजू